टचडाऊन रद्द का झाला? मुलांच्या फ्लॅग फुटबॉलचे नियम, कडेला उभ्या असलेल्या पालकांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून अमेरिकेत आलेलं कुटुंब. मुलगा आठ वर्षांचा, या फॉल (शरद) सीझनला पहिल्यांदाच फ्लॅग फुटबॉल खेळतोय, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा तो प्रकार ज्यात कोणाला पाडत नाहीत, कमरेची फीत ओढून थांबवतात. गेल्या शनिवारी तो चेंडू घेऊन थेट एंड झोनपर्यंत (मैदानाच्या टोकाचा पट्टा, तिथे चेंडू नेला की टचडाऊन, म्हणजे गुण) पळाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि रेफरीने टचडाऊन रद्द केला. कारण सांगितलं 'फ्लॅग गार्डिंग'. नंतर गोलाजवळ चेंडू घेऊन पळाला तर पुन्हा शिट्टी, 'नो-रन झोन'. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर) धावून गेला, तिसरी शिट्टी. परतताना गाडीत रडला आणि म्हणाला, "मी काहीच चुकीचं केलं नव्हतं, मला नाही खेळायचं." वडील विचारतात: नियमांची एक पक्की यादी द्याल का? शेजारच्या गावातला मित्र वेगळेच नियम सांगतो. रेफरी चुकला होता का? आणि सहा वर्षांची धाकटी मुलगीही खेळायचं म्हणते, तिला घालावं का?

मी न्यू जर्सीत गेली नऊ वर्षं मुलांच्या फ्लॅग फुटबॉल संघांना शिकवते. त्यातली चार वर्षं काही रविवारी रेफरीचंही काम करते. लहानपण सांगली भागात गेलं, शाळा-कॉलेजात कबड्डी खेळले. अमेरिकन फुटबॉल मलाही इथे आल्यावरच कळला, त्यामुळे कडेला उभं राहून 'आता नेमकं काय झालं?' असं शेजाऱ्याला विचारण्याची वेळ काय असते ते मला माहीत आहे.

आधी रेफरीचं. मी तो सामना पाहिलेला नाही, म्हणून तो बरोबर होता की चूक, हे मी सांगू शकत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही शिट्ट्या नव्या मुलांच्या पहिल्या महिन्यात हमखास वाजतात. माझ्या संघात दर वर्षी वाजतात, आणि चांगल्या, चपळ मुलांवर जास्त वाजतात, कारण चेंडू त्यांच्याच हातात जास्त असतो.

मला यातला खरा प्रश्न वेगळा दिसतो. तुमच्या मुलाला खेळ येतो, पण शरीराला जे आपोआप सुचतं त्यातलं बरंचसं या खेळात चालत नाही, हे त्याला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. कोणी काही ओढायला आलं की आपला हात आडवा जातो. गोल समोर दिसला की पाय पळायला लागतात. समोरच्याच्या हातात चेंडू दिसला की आपण त्याच्यावर धावतो. तिन्ही गोष्टी अगदी स्वाभाविक आहेत आणि तिन्हींवर शिट्टी आहे. "मी काहीच चुकीचं केलं नव्हतं" असं तो म्हणाला ते त्याच्या बाजूने खरंच आहे. त्याला नियमांची यादी देण्यापेक्षा त्यांची कारणं सांगा. कारण कळलं की आठ वर्षांचं मूल फार लवकर शिकतं.

यादीबद्दलही एक अडचण आहेच. सगळीकडे लागू होईल अशी एकच यादी नाही. एनएफएल फ्लॅगचं (अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या मुलांसाठीच्या उपक्रमाचं) नियमपुस्तक सगळ्यात जास्त वापरलं जातं, पण गावचा रिक्रिएशन विभाग, वायएमसीए, खाजगी लीग असे सगळे त्यात आपापले बदल करतात. आंतरराष्ट्रीय महासंघाचं पुस्तक आणखी वेगळं. काही लीगमध्ये पाचऐवजी सहा किंवा सात मुलं खेळतात. तुमचा मित्र बरोबर असेल आणि तुम्हीही बरोबर असाल. म्हणून मी खाली जे सांगते ते पाच विरुद्ध पाच या सर्वांत रूढ प्रकाराचं आहे, आणि जिथे लीगप्रमाणे फरक पडतो तिथे तसं म्हणते.

आता कारण. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवं पाडून थांबवतात. इथे पाडायचं नाही, म्हणून त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोन (काही पट्ट्यांना तीन) फिती लावलेल्या असतात. त्यातली एक ओढली की तो 'पडला' असं धरायचं आणि खेळ तिथेच थांबवायचा. अंगाला अंग भिडू नये हा विचार पकडलात तर जवळजवळ प्रत्येक नियम त्यातून आपोआप निघतो. आणि हा विचार दिखाऊ नाही. अमेरिकेच्या सीडीसीने (सरकारी रोगनियंत्रण केंद्राने) २०२१ साली ६ ते १४ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. टॅकल, म्हणजे पाडापाडीचा फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या डोक्याला एका सीझनमध्ये बसलेल्या धक्क्यांचा मध्यक ३७८ निघाला आणि फ्लॅग खेळणाऱ्यांचा ८. मी स्वतःच्या मुलाला टॅकलला न घालता इथे घातलं ते याच काळजीपोटी, आणि मग त्याच्याबरोबर मीही इथेच रमले.

खेळाचा सांगाडा समजायला एक पाळी डोळ्यांसमोर आणा. एनएफएल फ्लॅगचं मैदान ३० यार्ड रुंद आणि ७० यार्ड लांब. यार्ड म्हणजे तीन फूट, मोठ्या माणसाचं एक लांब पाऊल. दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन, म्हणजे खेळायला मधले ५० यार्ड. प्रत्यक्षात उपलब्ध जागेप्रमाणे मैदान लहानही करतात. इथे सुरुवातीला चेंडूला लाथ मारणं नाही. चढाई करणारा संघ आपल्या ५ यार्डांच्या रेषेवर चेंडू ठेवतो आणि त्याला मध्यरेषा ओलांडायला चार संधी मिळतात. या संधीला डाऊन म्हणतात. क्रिकेटमध्ये षटकात सहा चेंडू, तसे इथे चार डाऊन. मध्यरेषा ओलांडली की टचडाऊनसाठी नव्याने चार. काही लीगमध्ये चाराऐवजी तीनच असतात. बहुधा तुमच्या मित्राशी तुमचा वाद याच आकड्यावरून झाला असावा.

चौथ्या डाऊनला मध्यरेषा अजून लांब असेल तर प्रशिक्षकापुढे प्रश्न असतो. 'पंट' असं नुसतं सांगायचं, म्हणजे चेंडू समोरच्यांना जातो पण त्यांना त्यांच्या ५ यार्डांपासून सुरुवात करावी लागते. किंवा धोका पत्करून खेळायचं, आणि जमलं नाही तर चेंडू जिथे थांबला तिथूनच समोरचे सुरू करतात. कडेला उभे पालक "का सोडला चेंडू?" म्हणून चुकचुकतात तो प्रसंग बहुतेक वेळा हा असतो.

प्रत्येक डाऊनला सेंटर (चेंडूपाशी उभा असलेला खेळाडू) चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. क्वार्टरबॅक तो घेतो आणि एक तर दुसऱ्याच्या हातात देतो (हँडऑफ) किंवा फेकतो. फेकायला त्याच्याकडे ७ सेकंद असतात, रेफरी मनात किंवा मोठ्याने मोजतो. सात झाले आणि चेंडू हातातच राहिला तर डाऊन वाया. क्वार्टरबॅकने स्वतःच चेंडू घेऊन पुढची रेघ (डाऊनच्या सुरुवातीला चेंडू जिथे ठेवला होता ती) ओलांडून पळणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. पण त्याने चेंडू दुसऱ्याला दिला की तोही पुढे जाऊन पास झेलू शकतो. सेंटरसुद्धा झेलू शकतो. माझ्या संघातल्या सगळ्यात शांत मुलाला मी मुद्दाम सेंटर करते, कारण स्नॅप देऊन तो चार पावलं पुढे जाऊन उभा राहिला की त्याच्याकडे कोणाचं लक्षच नसतं, आणि छोट्या गटात निम्मे पास त्यालाच मिळतात.

आता तुमच्या मुलाच्या तीन शिट्ट्या.

पहिली, फ्लॅग गार्डिंग. ही सगळ्यात जास्त वेळा वाजते आणि सगळ्यात जास्त रडवते, म्हणून हिच्यावर जरा थांबते. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याने आपल्या फितीसमोर हात, कोपर किंवा खुद्द चेंडूही आणून समोरच्याला ती ओढायला अडवायचं नाही. समोरच्याचा हात झटकणंही त्यातच. खाली वाकून फितीवर हात झाकत पळणंही त्यातच. हेतू नव्हता, नुसता हात हलला, तरी रेफरीला फीत झाकलेली दिसली तर तो शिट्टी वाजवतो. पळताना हात हलतातच, मग किती हलला म्हणजे गुन्हा? इथे रेफरीची नजर लागते आणि ती माणसागणिक थोडी बदलते. छोट्या गटात मी स्वतः पहिल्या वेळी फक्त बजावते. सगळेच बजावत नाहीत. शिक्षा ५ किंवा १० यार्डांची, लीगप्रमाणे, आणि जिथे हात आडवा आला तिथून पुढचं धावणं मोजलं जात नाही. म्हणून टचडाऊन रद्द.

आणि हा नियम नसता तर काय झालं असतं? पळणारा हात झटकतो, अडवणारा जास्त जोराने ओढतो, शर्ट धरतो, दोघं आपटतात. मी कबड्डीत पकडीला सरावलेली, त्यामुळे सुरुवातीला मलाही वाटायचं की हाताने सोडवून घेण्यात काय बिघडलं. कबड्डीत अंगाशी झटणं हाच खेळ आहे. इथे पळणाऱ्याकडे फक्त हुलकावणी आहे. पाय, कंबर, वेग बदलणं, अचानक थांबणं. खो-खो खेळलेल्या मुलाला हे चटकन जमतं असं मी पाहिलंय.

घरी यावर एक सोपा उपाय करा. मुलाच्या दोन्ही हातांत एकेक चेंडू द्या, कुठलेही, आणि त्याला तुमच्या बाजूने पळून जायला सांगा. दोन्ही हात छातीशी गुंतलेले असतात, त्यामुळे खाली आणायला हातच उरत नाही. फिती नसतील तर जुने मोजे कमरेला खोचा. तुम्ही मोजा ओढायचा. पहिले चार-पाच वेळा तो चेंडूसकट कोपर खाली आणेल, तेव्हा ओरडू नका, फक्त "कोपर" म्हणा. गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा होता, नाव सांगत नाही, त्याचे तीन सामन्यांत चार टचडाऊन असेच गेले होते. दोन आठवडे रोज दहा मिनिटं आम्ही हे केलं. चौथ्या सामन्यात तो कडेने पळाला तेव्हा दोन्ही हातांनी चेंडू असा घट्ट धरला होता की गार्डिंगचा प्रश्नच नव्हता. एंड झोनमध्ये पोचल्यावरही तो चेंडू सोडेना, आधी रेफरीकडे पाहिलं, रेफरीचे दोन्ही हात वर गेले, मग सोडला.

दुसरी, नो-रन झोन. मध्यरेषेच्या अलीकडचे ५ यार्ड आणि एंड झोनच्या अलीकडचे ५ यार्ड. चेंडू तिथे ठेवून डाऊन सुरू होत असेल तर हँडऑफ घेऊन पळायचं नाही, पासच करायचा. कारण उघड आहे. गोल दोन पावलांवर असताना पळायची मुभा दिली तर दहा मुलं एका घोळक्यात घुसतील आणि डोक्यावर डोकं आपटेल. पास सक्तीचा केला की मुलं पांगतात.

यात पालकांचा गोंधळ उडतो तो असा, की मागच्याच सामन्यात त्याच जागेतून पळालेला टचडाऊन धरला होता, मग आज का नाही? फरक चेंडू सुरुवातीला कुठे ठेवला होता त्याचा आहे. डाऊन त्या पट्ट्याच्या बाहेर, समजा १२ यार्डांवर सुरू झाला, तर मूल पळत पळत त्या पट्ट्यातून आत जाऊ शकतं. पट्ट्याच्या आत सुरू झाला तर नाही. आणि पास झेलल्यावर मात्र उरलेलं अंतर पळायला कोणाचीच हरकत नाही. मुलाला एवढंच शिकवा की स्नॅपच्या आधी चेंडू कुठे आहे ते बघ. छोटे कोन किंवा रंगीत खुणा तिथे लावलेल्या असतात. माझ्या संघात त्या पट्ट्यात चेंडू आला की पाचही मुलं एकमेकांना "पास, पास" म्हणून आठवण करतात. समोरच्यांना ते ऐकू जातं, पण त्यांनाही नियम माहीतच असतो.

तिसरी शिट्टी, रशिंग. क्वार्टरबॅकवर धावून जाण्याला रश म्हणतात. तो करणाऱ्याने स्नॅपच्या वेळी चेंडूच्या रेघेपासून ७ यार्ड मागे असलं पाहिजे. रेफरी तिथे खूण ठेवतो. पुढे उभ्या असलेल्या मुलाने, चेंडू क्वार्टरबॅकच्याच हातात असताना, रेघ ओलांडली की शिट्टी. पण क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला की त्याच क्षणी सगळे धावू शकतात, सात यार्डांचं बंधन संपतं. तुमचा मुलगा बहुधा तीन-चार यार्डांवरून निघाला असावा, किंवा चेंडू दिला असं त्याला वाटलं असेल. क्वार्टरबॅक देण्याचं नुसतं नाटकही करतो, आणि त्यात मोठी मुलंही फसतात. अगदी छोट्या गटात काही लीग रश ठेवतच नाहीत.

सात यार्ड कशासाठी, तर आठ वर्षांच्या मुलाला चेंडू घ्यायला, वर बघायला आणि कोणाला द्यायचा ते ठरवायला दोन-तीन सेकंद तरी मिळावेत. ते नसतील तर स्नॅपबरोबर त्याच्या अंगावर कोणी तरी येऊन आदळेल. रशरला मी दोन गोष्टी सांगते. सरळ अंगावर जाऊ नकोस, एका खांद्याच्या बाहेरून वळून ये. आणि फेकणाऱ्याच्या हाताला हात लावू नकोस, फीतच ओढ.

बाकीचे नियम आता भराभर सांगते, कारण वरचं कळलं असेल तर हे जड जाणार नाहीत. चेंडू जमिनीला लागला की खेळ मेला. निसटलेला चेंडू उचलून पळायचं नाही, त्यावर उडी घ्यायची नाही. स्नॅप सुटला तरी तेच. अनेक आई-बाबा कडेने "उचल, उचल" ओरडतात, ते मुलांना गोंधळात टाकतं. पळणाऱ्याने उडी मारून किंवा सूर मारून चुकवायचं नाही. गिरकी घेणं बहुतेक ठिकाणी चालतं. पळणाऱ्याच्या सोबत्यांनी वाटेत आडवं येऊन कोणाला अडवायचं नाही. आमच्याकडे तर चेंडू रेघेपुढे गेला की बाकीच्यांनी जागेवर थांबायचं असतं. उभ्या असलेल्या बचावपटूला पळणाऱ्याने चुकवून जायचं, त्याच्यावर आदळायचं नाही. बचावपटूने शर्ट, हात, कंबर धरायची नाही, आणि ज्याच्याकडे चेंडू नाही त्याची फीत ओढायची नाही. पळता पळता फीत आपोआप गळून पडली तर एका हाताचा स्पर्श पुरतो.

गुण असे: टचडाऊनचे ६. नंतर जादा गुणाची एक संधी, ५ यार्डांवरून १ गुण (तो नो-रन झोन असल्याने पासनेच) किंवा लांबून, बहुधा १० यार्डांवरून, २ गुण. आपल्याच एंड झोनमध्ये फीत ओढली गेली तर समोरच्यांना २. समोरच्यांचा पास हवेत झेलला तर तो घेऊन उलट पळता येतं. वेळ साधारण २० मिनिटांचे दोन हाफ, घड्याळ सहसा थांबत नाही.

अडवण्याबद्दल एक गोष्ट मात्र घाईत सोडून देणार नाही. मुलं फीत ओढायला जाताना डोकं खाली घालतात, आणि या खेळात मी ज्या गंभीर टकरी पाहिल्या त्या बहुतेक अशाच, दोन मुलं एकाच फितीकडे डोकं खाली घालून गेलेली. बोट मुरगळणं, घोटा दुखावणं हेही होतं. शरीराची टक्कर कमी म्हणजे दुखापतच नाही असं समजू नका. मुलाला शिकवा: डोकं वर, गुडघे वाकलेले, नजर समोरच्याच्या कमरेवर. खांद्यांनी आणि डोळ्यांनी कोणीही फसवतं, पण कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो. हे मला कबड्डीच्या सरांनी सांगितलं होतं, चढाई करणाऱ्याच्या कमरेकडे बघ म्हणून, आणि मी इथे तेच शब्द मराठी मुलांना मराठीत सांगते.

कपडे आणि साहित्य हे पालकांचं काम आहे आणि यावरूनही शिट्टी वाजते, म्हणून लिहिते. शर्ट पॅन्टमध्ये खोचलेलाच हवा, नाहीतर फीत झाकते. थंडी पडली की मुलं वर हुडी घालतात, तीही खोचायला लावा. शॉर्ट्सला खिसे नसावेत, कारण ओढताना बोट खिशात अडकून मोडू शकतं. आमच्याकडे एखाद्या सामन्याला खिशांवर चिकटपट्टी लावलेली चालवून घेतात, पण त्यावर विसंबू नका. शॉर्ट्सचा रंग फितीच्या रंगाचा नको. माउथगार्ड पाहिजेच, आदल्या रात्री गरम पाण्यात घालून दातांवर बसवून घ्या, मैदानावर नवं पाकीट फोडलं तर मूल ते तोंडातून काढत राहतं. धातूचे खिळे असलेले बूट चालत नाहीत. पट्टा घट्ट हवा आणि फिती दोन्ही बाजूंच्या हाडावर. सैल पट्टा पळताना फिरतो, फीत पुढे येते, मुलाचा हात साहजिकच तिला लागतो आणि गार्डिंगची शिट्टी वाजते. तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच झालं नव्हतं ना, ते शनिवारी एकदा बघाच. माझ्या अंदाजाने छोट्या मुलांच्या बऱ्याच गार्डिंगचं मूळ सैल पट्ट्यात असतं.

आता प्रशिक्षकांना काय विचारायचं. सामन्याच्या वेळी नाही, सरावाच्या दिवशी, निवांतपणे. आपल्या लीगचा नियमांचा कागद मागा, तो जवळपास सगळ्या लीगकडे असतो. त्यात बघा: डाऊन तीन की चार, या वयाला रश आहे का, गार्डिंगला पहिल्यांदा ताकीद आहे का, प्रशिक्षक मैदानात उभा राहू शकतो का (छोट्या गटात बऱ्याचदा एक जण राहतो), आणि प्रत्येक मुलाला किमान किती खेळायला मिळतं. सामन्यात रेफरीशी बोलायचा अधिकार फक्त मुख्य प्रशिक्षकाचा, तोही नियमाच्या अर्थाबद्दल. 'हात लागला की नाही' यावर वाद चालत नाही. आणि आमच्या भागात तरी छोट्या गटांचे रेफरी बऱ्याचदा हायस्कूलची मुलं असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर चार पालक एकदम ओरडले की पुढच्या आठवड्यात तो येत नाही, आणि मग सामनाच होत नाही. मी हे दोनदा पाहिलं आहे.

मुलीबद्दल. हो, घाला. सहा वर्षांच्या गटात मुलगे-मुली बहुतेक ठिकाणी एकत्रच खेळतात, आणि त्या वयाला मुली फिती ओढण्यात जास्त नेमक्या असतात असा माझा अनुभव आहे. पुढे वाटही आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये मुलींचा फ्लॅग फुटबॉल हायस्कूलचा अधिकृत खेळ केला, जॉर्जिया आणि फ्लोरिडात तो त्याआधीपासून आहे. २०२२ साली अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमच्या वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकबाहेरच्या खेळांची जागतिक स्पर्धा) महिलांच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोने अमेरिकेला हरवलं, तेव्हा मी आमच्या मुलींना तो सामना मुद्दाम दाखवला होता.

आणि पुण्याच्या आजी-आजोबांना हा कसला खेळ म्हणून विचारायचं असेल तर त्यांना सांगा, की ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेण्याचा निर्णय तिथे झाला. त्याच निर्णयात फ्लॅग फुटबॉलही होता. ऑलिंपिकमध्येही पाच विरुद्ध पाचच खेळतील आणि रशरचे सात यार्ड तिथेही आहेत. मैदान तेवढं थोडं अरुंद, २५ यार्ड.

राहिला 'मला नाही खेळायचं'चा प्रश्न. हे मुलावर अवलंबून आहे आणि मी त्याला ओळखत नाही. कोणाला खेळच आवडत नसतो, त्याला ओढून आणू नये. पण तुम्ही लिहिलेल्या क्रमावरून मला वाटतं की त्याला सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलं गेल्याचं दुःख आहे. त्याला आज हे सांगा की तो टचडाऊन पळण्यात खरा होता, त्याचे पाय बरोबर होते, फक्त एक कोपर खाली आलं. मग मोजे काढा, कमरेला खोचा आणि आधी तुम्ही पळा, त्याला ओढू दे. मोठ्या माणसाचंही कोपर खाली येतं हे त्याने स्वतः पाहिलं की तो तुम्हाला नियम शिकवायला लागेल. एक-दोन सामने आणखी होऊ द्या आणि मग त्याला पुन्हा विचारा.

शनिवारी पट्टा तुम्ही स्वतः बांधून बघा आणि लीगचा कागद मिळाला की तीन डाऊन आहेत की चार, आणि गार्डिंगबद्दल त्यात काय लिहिलंय, ते इथे कळवा. त्यावरून त्याच्या गटाला कोणते डाव सोपे पडतील ते सांगता येईल.